तळीरामाचा ळ

वाचनाच्या पहिल्याच बैठकीत तळीरामाचा तरीराम झाला. ‘एकच प्याला’ नाटकातल्या पात्रांची यादी मोठ्याने वाचायला मी शिंपीभाऊंच्या हातात पुस्तक दिलं होतं. सुधाकर, रामलाल, पद्माकर, भगीरथ, आणि मग ‘तरीराम’. पोरं खुदकन हसली, कारण तर्री म्हटलं की आमच्याकडे पोह्यांवरचा लालभडक रस्साच डोळ्यांपुढे येतो. शिंपीभाऊ थांबले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि पुन्हा ‘तरीराम’च म्हणाले. त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत ळ नाही. ळ चा र होतो, ण चा न होतो, श चा स होतो. डोळा म्हणजे डोरा, पाणी म्हणजे पानी. हीच जीभ घेऊन आम्ही गडकऱ्यांचं नाटक वाचायला बसलो होतो. त्या संध्याकाळी मला ही एवढीशी गोष्ट वाटली. पुढचे सहा आठवडे तिनेच आम्हाला झोपू दिलं नाही.

मी गडचिरोली जिल्ह्यात, वडशापासून एसटीने तासाभरावर असलेल्या गावात सार्वजनिक वाचनालय सांभाळते. ‘ड’ वर्गाचं वाचनालय. एक खोली, पाच कपाटं, दोन वर्तमानपत्रं आणि पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, ही झाडीपट्टी रंगभूमीची पेठ. दिवाळीनंतर धान घरी आलं की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांत गावोगाव मंडया म्हणजे जत्रा भरतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि त्या रात्री नाटक असतंच. जेवणं आटोपल्यावर उशिरा पडदा उघडतो आणि पहाट होईस्तोवर माणूस जागचा हलत नाही. पाहुणेरावळे, लेकीजावई खास नाटकासाठी येतात. २०२३ साली आमच्या जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा गावात घरचंच कोणी मोठं झाल्यासारखा आनंद होता. इथे कोणाला नाटकाची गोडी लावावी लागत नाही.

मला खंत वेगळीच होती. माझ्या पाच कपाटांतलं एक कपाट निव्वळ नाटकांचं आहे. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी. नाटकावर एवढा जीव टाकणाऱ्या गावात ते कपाट वर्षानुवर्षं कोणी उघडत नव्हतं. ‘एकच प्याला’च्या प्रतीचा पुठ्ठा उधईने खाल्ला होता आणि मागच्या चिठ्ठीवर मोजून चार तारखा होत्या. एकदा नागपूरला मी एक अभिवाचन ऐकलं होतं. चार माणसं, चार खुर्च्या, हातात फायली. दोन तास सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. परतीच्या गाडीत मनात एकच विचार होता, हे आपल्या गावात व्हायला पाहिजे. पडदे नकोत, रंग फासायला नको, जनरेटर नको. फक्त पुस्तक हवं आणि वाचणारी माणसं हवीत.

माणसं मिळायला पावसाळाच बरा. रोवणी आटोपली की बांधीत पाणी राखण्यापलीकडे काम नसतं, आणि नाटक कंपन्यांतली माणसं दिवाळीपर्यंत घरीच असतात. मी गावभर निरोप धाडला. पहिल्या दिवशी चौदा जण आले, शेवटपर्यंत टिकले नऊ. कंपन्यांचे कपडे शिवणारे आणि अधूनमधून विनोदी कामं केलेले शिंपीभाऊ. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावणारा एक मुलगा. अंगणवाडी सेविका. बचत गटाच्या दोघी बाया. राइस मिलचे मुनीमजी. डॉक्टरांकडे कंपाउंडर असलेले भाऊ. भजनी मंडळात पेटी वाजवणारे बुवा. आणि काकाजी.

काकाजींबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आम्हाला वाचायला त्यांनी शिकवलं. तेवीस हंगाम ते झाडीपट्टीत प्रॉम्प्टर होते. एकाच हंगामात कंपनीची दोन-तीन नाटकं चालू असतात, नटांना तालमी थोड्या मिळतात, पाठांतर कच्चं असतं. सगळी मदार प्रॉम्प्टरवर. काकाजी सांगत, प्रॉम्प्टर अख्खं वाक्य देत नाही. पहिले दोन शब्द देतो, बाकीचं नटाने उचलायचं. आणि ते दोन शब्दही नटाचा श्वास संपून दुसरा सुरू होण्याच्या फटीत द्यायचे. आधी दिले तर तो गोंधळतो, उशिरा दिले तर प्रेक्षकांना कळतं. इतकी वर्षं लोकांच्या श्वासावर कान ठेवून बसलेला माणूस आमच्यात होता, हे आमचं भाग्य.

नाटक कोणतं, यावर दोन संध्याकाळी गेल्या. मी तीन पुस्तकं पुढे ठेवली होती. ‘सौभद्र’ १८८२ चं, ‘शारदा’ १८९९ चं, आणि दारूने घर बुडवणाऱ्या वकील सुधाकराचं ‘एकच प्याला’. मला स्वतःला ‘शारदा’ हवं होतं. बचत गटाच्या बाया ‘प्याला’वर अडून बसल्या. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. बंदी असो की नसो, मोहाची झाडं फुलतातच आणि दारूच्या भट्ट्या लागतातच. दारूची पेटी पकडायला रात्री रस्त्यावर बसलेल्या बाया आमच्या गटात होत्या. त्यातली एक म्हणाली, “मॅडम, आमी दारूच्या सभेत भासन आयकून थकलो. आता ज्याच्या घरी दारू सिरली त्याचं आयकू.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुनीमजींनी शंका काढली की हे पुण्याकडचं नाटक, वकील-डॉक्टरांच्या घरचं, आपल्या लोकांना काय भिडणार. तेव्हा मी सावनेरची गोष्ट सांगितली. राम गणेश गडकरी जन्मले गुजरातेत, नवसारीला, वाढले-लिहिते झाले पुण्यात, पण शेवटच्या आजारपणात ते विदर्भात, नागपूरजवळच्या सावनेरला आपल्या भावाकडे आले. २३ जानेवारी १९१९ ला तिथेच गेले. वय तेहेतीस. ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं ते त्यानंतर, फेब्रुवारीत, बडोद्याला. बालगंधर्व सिंधू, म्हणजे सुधाकराची बायको, झाले होते. ज्याने ते लिहिलं त्याला तो प्रयोग दिसला नाही. मुनीमजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजे मानूस आपल्याकडेच येऊन गेला.” आणि सिंधूच्या भावाची, पद्माकराची, भूमिका त्यांनी मागून घेतली.

मग कात्री. नाटक पाच अंकी. एक छापील पान वाचायला आम्हाला सरासरी दोन मिनिटं लागत होती, म्हणजे अख्खं वाचलं असतं तर पदं धरून पाच तास. रात्रभर नाटक पाहणारं गाव असलं तरी नुसतं ऐकायला पाच तास फार. आम्ही अडीच तास ठरवले. काकाजींची एक अट होती, कापायचा तर प्रवेश अख्खा कापायचा, वाक्याच्या पोटातून शब्द काढायचा नाही. ती अट आम्ही पाळली. पण त्यामुळे शरद आणि भगीरथ यांचं जवळपास सगळं कथानक गेलं. शरद ही सुधाकराची विधवा बहीण, अजून पोरवयातच असलेली, आणि तिच्याबाबतीत सुधाकराच्या चांगल्या मित्राचं, रामलालाचंही, डळमळलेलं मन. गडकऱ्यांनी दारुड्याच्या घरासमोर न पिणाऱ्या माणसाचाही तोल जाताना दाखवला आहे. ते काढून टाकलं की नाटक सरळ होतं, आणि मला वाटतं थोडं लहानही होतं. रामलाल वाचणारे कंपाउंडरभाऊ दोन दिवस फुरंगटून होते. त्यांचं बरोबर होतं. पुढच्या वाचनात आम्ही त्यातला एक प्रवेश परत घेतला.

प्रती काढायला मी वडशाला गेले. अक्षर मोठं, कागदाच्या एकाच बाजूला छपाई. दुसरी बाजू कोरी ठेवली की पान उलटायला लागत नाही, नुसतं सरकवता येतं, आणि कागदाची सळसळ होत नाही. पान संपताना वाक्य तुटणार नाही असं पाहूनच पानं जुळवली. या कामात दोन दिवस गेले, पण त्याचं मोल वाचताना कळलं.

आणि मग खरं काम. गडकऱ्यांचं वाक्य लांब. उपमेमागून उपमा, एका टाळीच्या वाक्याला दुसरं जोडलेलं, आणि क्रियापद पार शेवटी. आमची पोरं पहिल्या स्वल्पविरामाशीच आवाज खाली टाकायची. आवाज पडला की ऐकणारा समजतो वाक्य झालं, आणि सोडून देतो. मग पुढच्या तीन ओळी वाऱ्यावर. काकाजींनी पेन्सिल काढली. “आधी किरयापद कोठी हाये ते पाहा. ते डोक्यात ठेवा, मंग पयल्या शब्दापासून निंगा.” प्रत्येकाच्या प्रतीवर त्यांनी खुणा केल्या. एक तिरपी रेघ म्हणजे अर्धा श्वास, आवाज वरच ठेवायचा. दोन रेघा म्हणजे पूर्ण श्वास, आता टेकायचं. दोन रेघा फक्त क्रियापदानंतर. आठवडाभर आम्ही अर्थ, भावना, अभिनय यांचं नावही घेतलं नाही, नुसत्या रेघा वाचल्या. भरतीवाला मुलगा कंटाळला होता. पण एका संध्याकाळी, वकिलीची सनद गेल्यावर सुधाकर स्वतःशीच जळतो ते वाचताना, त्याने एक आख्खं सहा ओळींचं वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत उचलून नेलं आणि खोलीतले सगळे त्याच्याबरोबर श्वास धरून बसले. त्याला कोणी ‘रागाने वाच’ म्हटलं नव्हतं. राग त्या वाक्यात होताच. तो मधे सांडला नाही, एवढंच.

ळ चा प्रश्न मात्र तसाच उभा होता. मराठी शिकवण्यात हयात घालवलेल्या एका निवृत्त गुरुजींना आम्ही तालुक्याहून बोलावलं. फार मायेने आले, चहासुद्धा घेत नव्हते. जीभ कशी उलटी वळवायची, टाळूला कुठे लावायची, हे त्यांनी एकेकाला दाखवलं. सगळे मन लावून शिकले. मीही त्यांच्याच बाजूची होते, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. शुद्ध वाचलं तर गाव आपल्याला मानेल, बाहेरचं कोणी आलं तर नाव ठेवणार नाही, असं मला मनापासून वाटत होतं. दहा दिवसांनी वाचन ऐकलं तर शुद्धलेखन घातल्यासारखं झालं होतं. ण दिसला की माणूस सावध व्हायचा, ळ आला की अडखळायचा. सुधाकराचा राग गेला, कारण सगळं लक्ष जिभेच्या टोकावर.

मन पालटलं ते गीतेमुळे. गीता म्हणजे सुधाकराला दारू लावणाऱ्या तळीरामाची बायको, नवऱ्याच्या दारूने पिचलेली पण तोंडाने तिखट. ती वाचणारी बचत गटाची बाई एका संध्याकाळी तापली. म्हणाली, मला हे जमत नाही, एकदा माझ्यासारखं वाचून दाखवते आणि मग जाते. तिने पुस्तकातला शब्द न् शब्द तसाच ठेवून, आपल्या न ने, आपल्या र ने, आपल्या हेलाने अख्खा प्रवेश वाचला. बाहेर ओसरीवर उकिडवे बसलेले दोन म्हातारे उठून दाराशी आले. शंभर वर्षांपूर्वीची ती बाई आमच्या गल्लीतल्या नळावर उभी आहे असं मला वाटलं. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी स्वतःच मान डोलावली.

काकाजींनी मग नियम सांगितला. “लिवलेला सब्द एकबी बदलाचा नाई. पन त्याचा आवाज ज्याच्या तोंडातून जसा निंगते, तसा निंगू द्या.” म्हणजे ‘मला’चं ‘मले’ करायचं नाही, वाक्य झाडीत घ्यायचं नाही, पण पाणीचं पानी झालं तर होऊ द्यायचं. मला तो नियम आजही पटतो. नाटक आपल्या बोलीत आणणं वेगळी गोष्ट, ते ज्याला करायचं त्याने करावं. आम्ही वाचत होतो, आणि वाचणाऱ्याने लिहिणाऱ्याचा शब्द जपला पाहिजे.

शिंपीभाऊंनी एवढ्यावरही एक अपवाद केला, तो त्यांचा त्यांनीच. “नाव दुसऱ्याचं असते,” ते म्हणाले, “ते बिघडवाचं नाई.” बाकी सगळं ते आपल्या जिभेने वाचणार होते, पण तळीराम हे नाव मात्र ळ नेच. पंधरा दिवस त्यांच्या दुकानावरून जाताना मशीनच्या खडखडाटात ‘तळीराम, तळीराम’ ऐकू यायचं. गिऱ्हाईकांना वाटे, भाऊ कोणाला तरी हाका मारत आहेत.

पदांवर फार वेळ घालवला नाही. नाटकातली पदं वि. सी. गुर्जरांची, गायला अवघड, आणि आमच्यात ती चाल पेलणारा गळा नव्हता. बुवा पेटी घेऊन बसायला तयार होते. पण वाचनाच्या मधे पेटी सुरू झाली की ऐकणारा गाण्याची वाट पाहू लागतो आणि गद्य निसटतं, असं दोन तालमींत दिसलं. शेवटी सगळी पदं कवितेसारखी वाचायची ठरली. फक्त सिंधू बाळाला घास भरवते ते एकच पद सेविकाबाईंनी पेटीशिवाय, घरात म्हणतात तसं म्हटलं. बुवांनी मोठ्या मनाने पेटी बंद केली आणि भगीरथाची उरलेली चार वाक्यं घेतली.

गावातून विचारणा होतच होती. “डान्स कोन हाय?” “पडदे कोठचे आनले?” सिंधू दळायला बसते त्या प्रवेशासाठी एका आजीने घरचं जातं देऊ केलं, दोन पोरं ते उचलून आणायलाही निघाली होती. मी नको म्हटलं. जातं समोर ठेवलं तर लोक जातं पाहतील. न ठेवता वाचलं तर ज्याच्या-त्याच्या घरचं जातं फिरेल. आजीला हे लगेच कळलं.

पोळ्याच्या आधीच्या शनिवारी वाचन ठेवलं. जागा समाजमंदिर. वर टिनाचे पत्रे. समोर एका ओळीत नऊ खुर्च्या, एका टोकाला रंगसूचना वाचायला काकाजी. प्रवेशात नसलेल्याने मान खाली घालून बसायचं, असलेल्याने मान वर करायची, एवढीच काय ती हालचाल. सात वाजता माणसं येऊ लागली. दाराशी सत्तरेक जोड चपला होत्या. बाया भिंतीकडून सतरंज्यांवर, पुरुष बरेचसे बाहेर, खिडक्यांना टेकून. बाहेर उभे राहिलेल्यांत जे रोज संध्याकाळी आडोशाला प्यायला जातात तेही होते. आम्ही मुद्दाम कोणाला आत बोलावलं नाही, कोणाकडे पाहिलंही नाही.

पहिला अंक नीट झाला. तळीरामाच्या वाक्यांना खिडक्यांतून असा हशा आला की शिंपीभाऊंना दोनदा थांबावं लागलं. प्रत्येक वेळी ‘तळीराम’ स्पष्ट, ळ सकट. आणि दुसरा अंक सुरू होतो न होतो तोच पाऊस आला. टिनावरचा भादव्याकडे झुकलेला पाऊस ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. शेजारच्याचा शब्द शेजारच्याला ऐकू जाईना. काकाजींचा आवाज तर मुळातच हळू. तेवीस वर्षं कुजबुजलेला गळा, आम्ही तालमीत किती सांगितलं तरी चढला नव्हता. भरतीवाल्या मुलाने ओरडून दोन वाक्यं नेली, मग मीच हात वर करून थांबवलं.

पाऊस थांबायची वाट पाहत वीस मिनिटं गेली. कोणी घरी गेलं नाही, जाणार तरी कसं. खिडक्यांतले लोक भिजत होते ते आत आले. जागा होईना म्हणून आम्ही खुर्च्या मागे ढकलल्या आणि सतरंजीवर बसलो. आमच्याभोवती सगळे कोंडाळं करून बसले, मागचे पुढच्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून. पाऊस जरा मंदावल्यावर मुनीमजी म्हणाले, चला, वाचू. त्यानंतर त्या वाचनात समोरची बाजू आणि मागची बाजू राहिली नाही. सुधाकर वाचणाऱ्याच्या मांडीला लागून एक पोरगं झोपलं होतं. काकाजी रंगसूचना त्यांच्या त्या कुजबुजीतच देत होते आणि सगळ्या माना त्यांच्याकडे झुकत होत्या. नशेतल्या सुधाकराच्या हातून बाळ मरतं आणि सिंधूला मार लागतो, तिथे मी पाणी प्यायला थांबायचं ठरवलं होतं. कोणी पाणी मागितलं नाही. आम्ही तसेच पुढे गेलो. शेवटी सुधाकर दारूत विष घालून पितो, काकाजींनी शेवटची सूचना वाचली, फाइल मिटली. टाळ्या लगेच आल्या नाहीत. नंतर आल्या.

साडेदहा झाले होते. पाऊस पुन्हा लागला होता म्हणून सगळे बसून राहिले आणि बोलणं निघालं. भरतीवाल्या मुलाला कोणीतरी विचारलं की तू खरंच पीत नाहीस ना. एका म्हाताऱ्या बाबाजींना तळीरामाची वाक्यं पाठ झाली होती. मग बायांकडून सिंधूवर वाद सुरू झाला. शेवटी फौजदार येतो तेव्हा सिंधू मरता मरता नवऱ्याला वाचवायला खोटी जबानी देते, आपण पडल्याने लागलं म्हणते. एका तरुण मुलीला ते अजिबात पटलं नाही. ती म्हणाली, अशीच बाई लिहिली म्हणून बायांना असंच वागायची सवय लागली. तिचा राग मला आवडला, आणि तिला उत्तर द्यावं असं मला वाटलं नाही.

तेवढ्यात भिंतीशी बसलेली एक बाई बोलली. तिला मी वाचनालयात कधी पाहिलं नव्हतं. ती त्या मुलीकडे न पाहता सेविकाबाईंना म्हणाली, “मीबी असंच सांगतलं होतं ठान्यात. पाय घसरून पडली म्हनून. पन बाई, तुमी लवकर सांगतलं. एवढ्या लवकर नाई सांगता येत. आधी तोंडात काईच येत नाई. मंग सायेब दुसऱ्यांदा इचारते, तवा येते.”

कोणी काही बोललं नाही. तिने पदर सावरला, शेजारणीकडून छत्री मागितली आणि पावसातच निघाली.

दोन आठवड्यांनी, गणपतीत, शेजारच्या गावाने वाचन मागितलं. आम्ही पुन्हा तालमीला बसलो. कंपाउंडरभाऊंचा प्रवेश परत आला, खुर्च्या कायमच्या गेल्या, आम्ही सतरंजीवरच वाचणार होतो. सेविकाबाई पहिल्या वाचनात जबानीचा प्रवेश फार गोड वाचत, पोथीतल्या पतिव्रतेसारखा. आता त्या प्रवेशाशी आल्या की अडायच्या. तिसऱ्या तालमीला त्यांनी मुनीमजींकडे, म्हणजे फौजदाराचंही वाचणाऱ्याकडे, मागणी केली की तुमचा प्रश्न तुम्ही दोनदा वाचा. काकाजी नाही म्हणाले. पुस्तकात प्रश्न दोनदा नाही, तर आपण वाचायचा नाही. नियम सगळ्यांना सारखा. सेविकाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी काकाजींच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि आपल्या प्रतीवर, स्वतःच्या वाक्याच्या आधी, रेघा मारल्या. दोन नव्हे, चार. अशी खूण आमच्या कोणाच्याच प्रतीवर नव्हती. काकाजींनी ती पाहिली आणि काही म्हणाले नाहीत.

शेजारच्या गावात देवळाच्या मंडपात माणसं जास्त होती आणि पाऊस नव्हता. पाचव्या अंकात मुनीमजींनी फौजदाराचा प्रश्न वाचला. सेविकाबाईंनी कागदावरून मान उचलली आणि गप्प राहिल्या. एक श्वास गेला. दुसरा गेला. मंडपातली कुजबुज थांबली. मी काकाजींच्या शेजारी बसले होते. त्यांचा हात गुडघ्यावर आवळला गेला होता, मान पुढे आली होती, आणि तेवीस हंगामांच्या सवयीने त्यांचे ओठ त्या वाक्याच्या पहिल्या दोन शब्दांवर येऊन हलले. त्यांनी ओठ मिटले. शब्द दिला नाही.